अर्ध्यावरचा घोडा

ऑगस्ट संपत आला की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर कोणीतरी पहाटेच्या आकाशाचा फोटो टाकतं. खाली दक्षिणेला, खजुराच्या शेंड्याशी एक ठिपका. सुहैल उगवला. लगेच सगळ्यांची हृदयं आणि जोडलेले हात सुरू होतात, कारण इथल्या लोकांच्या मते सुहैल दिसला की उन्हाळ्याची रग मोडते आणि ससाण्यांचा, उंटांचा, शिकारीचा मोसम उघडतो. श्रीवर्धनच्या आमच्या शाळेत मराठीचे सर ह्याच ताऱ्याला अगस्ती म्हणायचे. अगस्ती दिसला म्हणजे पाऊस सरला, असं सांगायचे. एकच तारा तिकडे पाऊस संपवतो आणि इकडे ऊन, असं दोन्हीकडचे लोक मानतात. मला विचाराल तर तो कुठलंच काही संपवत नाही. इथे अबू धाबीजवळ खलिफा सिटीत सकाळी सातला गाडीच्या स्टीअरिंगला हात लावला तर अजून चटका बसतो.

सुहैलनंतर चार दिवसांनी आणखी एक गोष्ट होते, आणि तिचा मला जास्त त्रास होतो. गोदामातून बोर्ड बाहेर निघतो. आमची कंपनी शिकारीचं सामान विकते. तंबू, चाकू, दुर्बिणी, ससाण्यांच्या टोप्या आणि परवाना असलेल्या स्थानिक लोकांना बंदुका. वर्षातून एकदा अबू धाबीत शिकारीचं आणि घोड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे आमचा स्टॉल असतो, आणि स्टॉलच्या मधोमध माणसापेक्षा उंच असा हा बोर्ड उभा राहतो. डावीकडे जुन्या घाटाची लिव्हर रायफल, उजवीकडे नव्या घाटाची. खाली इंग्रजीत सहा ओळी, नवी कशी सरस आहे ते सांगणाऱ्या. त्या सहा ओळी मी लिहिल्या आहेत. यंदा बोर्डाचं चौथं वर्ष. कोपऱ्यात जरा फुगलाय, पण रंग उडालेला नाही. छपाई चांगली होती, ह्याचंही श्रेय मलाच मिळालं होतं.

ओळी माझ्या, पण त्यांत सांगितलेल्या गोष्टी माझ्या अब्बांच्या होत्या.

अब्बा मूळचे शिवणयंत्रं दुरुस्त करणारे. श्रीवर्धनच्या बाजारात त्यांची एक टपरी होती, तिथे आजूबाजूच्या दहा गावांतल्या बायका मशीन डोक्यावर घेऊन यायच्या. अल ऐनला ते आले तेही शिवणयंत्रांसाठीच. ससाण्याला शांत ठेवायला त्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी घालतात. आमच्या कंपनीच्या तिथल्या दुकानात त्या टोप्या शिवायची जाड कातड्याची मशीनं होती आणि ती सारखी अडायची. एक दिवस मालकांनी, ज्यांना सगळे अरबाब म्हणतात, अब्बांसमोर एक जुनी रायफल ठेवली. लिव्हर हलत नव्हती. मशीन चालवतोस ना, मग हे बघ, म्हणाले. अब्बांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती. लिव्हर खाली ओढली की आतले तीन-चार भाग एकामागून एक हलतात, एक मागे जातो, एक वर उचलतो, एक पुढे ढकलतो. सुई, कापड सरकवणारे दाते आणि शटल जसे आपापल्या वेळेला हलतात तसंच. अब्बांना ते लगेच कळलं. दुपारपर्यंत रायफल चालू झाली, आणि पुढची तीस वर्षं ते त्या दुकानाच्या मागच्या खोलीत बंदुका दुरुस्त करत राहिले. गळ्यात कंपनीचा बिल्ला. त्यावर काळ्या दाढीतला फोटो आणि फोटोखाली इंग्रजीत कामाचं नाव. दाढी पांढरी झाली तरी फोटो तोच राहिला.

सोळा वर्षांची होईपर्यंत अब्बा माझ्यासाठी दर दोन वर्षांनी येणारे चाळीस दिवस होते. सेंटचा वास, टँगची पावडर, नव्या ब्लँकेटचं प्लास्टिक, आणि आल्या दिवसापासून शेजारपाजारचे एकच विचारायचे, आलात कधी, परत कधी? दहावी झाल्यावर अम्मी आणि मी अल ऐनला आलो. शाळेनंतर मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसायची, कारण फ्लॅटमध्ये करमायचं नाही आणि वर्गातल्या मुली इंग्रजीत एवढ्या भराभर बोलायच्या की त्यांच्यात बसणं म्हणजे शिक्षाच वाटायची. माझ्या बापाशी माझी ओळख झाली ती तिथे, तेलाच्या वासात.

त्या खोलीत कधीच बार उडाला नाही. गोळी झाडून बघायचं काम परवाना असलेला स्थानिक माणूस रेंजवर करायचा. अब्बांकडे खोटी काडतुसं होती, दारू नसलेली, सहा. ती भरायची, लिव्हर ओढायची, बाहेर पडली की उचलून परत भरायची. अख्ख्या आयुष्यात अब्बांनी एक गोळी उडवली नाही, आणि हजारो बंदुका त्यांच्या हातून गेल्या. ते डोळे मिटून लिव्हर ओढायचे आणि कान द्यायचे. आवाज पटला की म्हणायचे, "बरोबर." तेवढंच. पटला नाही तर काही बोलायचे नाहीत, फक्त केस कापून आखूड केलेला दात घासायचा ब्रश उचलायचे.

माझ्याशी शाळेबद्दल काय बोलावं हे त्यांना सुचायचं नाही, म्हणून ते बंदुकांबद्दल बोलायचे. जुन्या घाटाच्या रायफलला सेफ्टी म्हणून वेगळं काही नसतं. मागे वर एक घोडा असतो, तो अंगठ्याने ओढायचा. पूर्ण ओढला की चापावर बोट पडायचा अवकाश. अर्धा ओढला की तो आतल्या एका खाचेत बसतो, आणि मग चाप दाबला तरी सुटत नाही. शिकारी दिवसभर असाच घोडा अर्ध्यावर ठेवून चालायचा. खरी भीती असते ती पूर्ण ओढलेला घोडा पुन्हा अर्ध्यावर आणताना. आत खरं काडतूस असताना चाप दाबायचा आणि त्याच वेळी अंगठ्याने घोडा धरून सावकाश उतरवायचा. अंगठा घामेजला, लक्ष दुसरीकडे गेलं, तर गेलंच. शिवाय खाच वर्षानुवर्षं घासत जाते, आणि ती घासली आहे हे बाहेरून कोणाला दिसत नाही.

नव्या घाटात बाजूला आडवी कळ असते. ती दाबलेली असली तर घोडा पडला तरी आत पोचत नाही. अब्बांना ती कळ आवडायची. मोठमोठे शौकीन यायचे, म्हणायचे, उस्ताद, ही कळ काढून टाक, जुन्यात नव्हती, शोभा जाते हिच्यामुळे. कारण त्यांच्यापैकी कोणाचं तरी ऐन वेळी हरीण निसटलेलं असायचं. चाप ओढला, घोडा खट्कन पडला, बार झाला नाही, दाबलेली कळ सोडवायची राहिली होती. अब्बा नम्रपणे नाही म्हणायचे. हरीण गेलं तर उद्या येईल, असं हिंदीत सांगायचे. माणसाचं ते बोलायचे नाहीत, समोरच्याला कळायचं.

आता मला वाटतं की जुन्या वस्तूंवर जीव टाकणं ही ज्यांना त्या वापराव्या लागत नाहीत त्यांची चैन आहे. अब्बांना जुन्या रायफलींचं कौतुक होतं. सबंध पोलाद कोरून केलेली पेटी, अक्रोडाचा दस्ता, एकीतला भाग दुसरीत बसणार नाही इतकी प्रत्येक वेगळी. पण प्रेम आंधळं नव्हतं. "दिसायला खानदानी," ते म्हणायचे, "पण सगळा भरवसा अंगठ्यावर." मला तेव्हा हे नुसतं बंदुकीबद्दल वाटायचं, आणि ते खरंच नुसतं बंदुकीबद्दल होतं. ते कधीच दुसरं काही सुचवायला म्हणून बोलत नसत.

बोर्ड झाला त्या सालचा सप्टेंबर मला वासासकट आठवतो. मी लग्न करून खलिफा सिटीत, कंपनीच्या हेड ऑफिसात मार्केटिंगला, तीन वर्षं एकाच पदावर. अब्बा एकसष्टचे. साठीनंतर इथे राहणं म्हणजे दर खेपेला कंपनीने हवं म्हणायला हवं, आणि त्यांचा व्हिसा ऑक्टोबरात संपत होता. त्यांना अजून दोन मोसम हवे होते. दोनच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, गावी मला लोक पाहुणा म्हणून ओळखतात, दोन मोसमांत मनाची तयारी करतो. हे त्यांनी अरबाबना सांगितलं नव्हतं, मॅनेजरला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आमचा मॅनेजर तारिक, अम्मानचा, हसतमुख, कामाला वाघ. त्याने मला बोलावून सांगितलं की ह्या वर्षी नव्या लिव्हर रायफली आल्या आहेत, जुनी आणि नवी शेजारी ठेवू, कम्पॅरिझन बोर्ड करू, कॉपी तू लिही, यू हॅव द इनसाइड सोर्स. मी इनसाइड सोर्सकडे रविवारी दुपारी अल ऐनला गेले. अम्मी सुकटीचं कालवण करत होती. घरात बंदूक कुठली असणार, तेव्हा अब्बांनी अम्मीचं शिवणयंत्र पुढे ओढलं आणि त्याचा पाय उचलायचा खटका वरखाली करत मला सगळं पुन्हा समजावलं. मी मोबाइलवर टिपत होते. त्यांना त्याचं फार अप्रूप. मध्येच थांबून विचारायचे, "लिहिलंस ना?"

कळीचं सांगून झालं. जुनीत रिकामं काडतूस वरून डोक्यावरून उडतं, त्यामुळे वर दुर्बीण बसत नाही. नवीत ते बाजूने पडतं, हेही झालं. जुनी रिकामी करायची तर एकेक काडतूस लिव्हर ओढून बाहेर काढावं लागतं, आणि प्रत्येक वेळी ते चाप दाबला तर उडेल अशा जागी जातं; नवीत खालची नळी उपसायची आणि सगळी ओंजळीत ओतायची. नवीला वाळू आणि दमट हवा खात नाही, दस्ता काळा, प्लास्टिकसारखा, बघवत नाही पण टिकतो. आणि भाग सगळे संगणकावर कापलेले, एकाचा दुसऱ्याला बसतो, कानस नको, घासणं नको. इथे ते हसले. चहा ओतताना, सहज, म्हणाले, "नवीला माझं काय काम, बाय? खोक्यातून काढायची नि चालवायची."

तेही मी लिहिलं. अबू धाबीला परतताना हायवेवर दोन्ही बाजूंना पिवळट धुरळा, आणि माझ्या डोक्यात ते वाक्य इंग्रजीत जुळून आलं. रेडी आउट ऑफ द बॉक्स. नो गनस्मिथ नीडेड. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, चांगलं वाक्य सुचल्यावर होतो तो आनंद झाला, आणि त्याच्या मागोमाग ते वाक्य कोणाबद्दल आहे, तेही मला कळलं. मी रेडिओचा आवाज वाढवला.

तारिकने सगळं वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. धिस इज द लाइन. ती बाकीच्यांपेक्षा मोठ्या अक्षरात गेली. प्रदर्शनाच्या आठवड्यात माझ्या ईमेलखाली नावापुढे 'सीनियर' लागलं.

पहिल्या सकाळी हॉलमध्ये लोक यायच्या आधी मी अब्बांना बोर्डापाशी घेऊन गेले. चौफेर ऊदचा धूर, ससाणे ओळीने आपापल्या दांड्यांवर, टोप्या घालून गप्प, कुठेतरी घोड्याचं खिंकाळणं. अब्बांनी कंपनीचा टी-शर्ट घातला होता, त्यावर बिल्ला. हात मागे बांधून ते बोर्डाकडे बघत राहिले. अब्बांना मराठी वाचता यायचं, अरबी यायचं, इंग्रजी नाही. म्हणाले, "वाच."

मी वाचलं. एकेक ओळ मराठीत करून सांगितली, कळ, दुर्बीण, नळी, वाळू. प्रत्येक ओळीला ते मान हलवत होते. पाचवी झाली. सहावी सगळ्यात मोठी होती. मी म्हटलं, "आणि शेवटी कंपनीची जाहिरात, नाव-पत्ता वगैरे." नाव-पत्ता तर बोर्डाच्या वरच होता.

"छान लिहिलंस," अब्बा म्हणाले, आणि टी-शर्ट ओढून सरळ केला.

आठवडाभर ते त्या बोर्डाखाली उभे होते. जुनी रायफल उचलायची, खोटी काडतुसं भरायची, घोडा ओढायचा, अंगठ्याने अर्ध्यावर उतरवायचा, लोकांना दाखवायचं. मग नवी उचलायची, कळ दाखवायची. लोक फोटो काढायचे. सगळ्या फोटोंत डोक्यावर मोठ्या अक्षरातली ओळ आणि खाली पांढऱ्या दाढीतला माझा बाप, हातात बंदूक, चेहऱ्यावर शाळेच्या फोटोतलं हसू. त्यातला एक फोटो कंपनीने टाकला. अडीच हजार लाइक्स, असं मला कोणीतरी अभिमानाने सांगितलं. माझ्या मुलीने स्क्रीनवर बोट ठेवून म्हटलं, "मम्मा, नाना इज फेमस."

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. रिन्यू करणार नाही, सेवेबद्दल आभार, कामाची पुनर्रचना. मी तारिकच्या केबिनमध्ये गेले. मी रडणार होते की भांडणार होते, हे माझं ठरलं नव्हतं. तो उठून उभा राहिला, दार लावलं, पाणी दिलं. वाईट माणूस नाही तो, हेच जास्त टोचतं. म्हणाला, जुन्या रायफली आता येतात किती? नव्यांचे नुसते भाग बदलायचे, त्याला आठवड्यातून एकदा शहरातून टेक्निशियन येईल. मी म्हटलं, दोन वर्षं फक्त, इन्शाल्ला, मी अरबाबशी बोलते. त्याने फोन उचलून तोच फोटो माझ्यासमोर धरला.

"यू रोट इट, हबीबती," तो हळू म्हणाला. "अरबाब रेड इट. अँड इट्स ट्रू."

खलास. मी पाणी पिऊन बाहेर आले.

अब्बांना हे मी कधी सांगितलं नाही. ते काही विचारतही नव्हते. शेवटच्या दिवशी त्यांनी मागची खोली झाडली, कानशी लहानमोठ्या क्रमाने लावल्या. कानशींच्या मुठी त्यांनी स्वतः बाभळीच्या लाकडाच्या केल्या होत्या, पण हत्यारं कंपनीची. खोटी काडतुसं विमानात नेता येत नाहीत, ती खोक्यात ठेवली. बिल्ला जमा केला. दात घासायचा तो आखूड ब्रश तेवढा खिशात टाकला, त्याची नोंद कुठल्या यादीत नव्हती. अरबाबनी मिठी मारली, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेही खरं होतं. विमानतळावर अब्बांनी मागे वळून हात केला तो दोन वर्षांनी चाळीस दिवसांसाठी जाताना करायचे तसाच, घाईत.

ज्या जुन्या रायफलीवर ते दाखवायचे ती आता स्टॉलवर काचेच्या पेटीत असते. खाली हेरिटेज असं लिहिलंय. आत मऊ दिवा, भोवती मखमल. जुन्या वस्तूचं इथे किती करतात. लोक काचेला नाक लावून म्हणतात, आजकाल असं काम कुठे होतं, आणि मी त्यांना ब्रोशर देते. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की हा बोर्ड मी बदलेन. दुसऱ्या वर्षी वाटलं, निदान ओळ लहान अक्षरात करेन. कोणी बदलायला सांगितलं नाही आणि मी बदलला नाही. माझी नोकरी, माझं घर, मुलीची शाळा. दर सप्टेंबरला मी स्वतःशी सगळं पुन्हा बोलून घेते आणि मग वाहतुकीचं बघायला लागते.

गावी अब्बा आता टपरी चालवत नाहीत, टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. बायका आता मशीन डोक्यावर घेऊन येत नाहीत, रेडिमेड घेतात. अम्मी म्हणते, ओट्यावर बसून असतात, आणि येणारा-जाणारा अजूनही विचारतो, आलात कधी? परत कधी? पहिल्या वर्षी ते बघू म्हणायचे. आता फक्त हसतात.

आणि यंदा पहिल्याच सकाळी, दारं उघडायच्या एक तास आधी, काचेतली जुनी रायफल अडली. अरबाबच्या कोणा पाहुण्याला दाखवायला ती बाहेर काढली, खोटी काडतुसं भरली, लिव्हर ओढली, ती पाऊण वाट खाली आली आणि थांबली. टेक्निशियन तरुण, भला, घामाघूम. त्याने जोर लावायला घेतला तेव्हा मीच ओरडले, जोर लावू नकोस. हे मला कसं माहीत, मलाच कळलं नाही. तारिक माझ्याकडे बघत होता. कॉल युवर फादर, तो म्हणाला. मग जरा थांबून, प्लीज.

श्रीवर्धनला तेव्हा सकाळचे साडेनऊ. अब्बा ओट्यावरच होते, मागे ओलं अंगण. व्हिडिओत त्यांनी रायफल बघितली आणि चेहरा असा उजळला की मला फोन खाली ठेवावासा वाटला. बघायचं नाही, ऐकायचंय, म्हणाले. फोन पोलादाला लाव, लिव्हर एवढीशी हलव. मी लावला. हॉलमध्ये घोषणांचा आवाज, ससाण्यांचे घुंगरू. अब्बांनी डोळे मिटले.

"आतली पट्टी घासलीय," ते म्हणाले. "एक काडतूस वर जायला निघालं, दुसरं तिच्याखाली घुसलं. धागा शटलखाली जातो ना, तसं. लिव्हरचा तो एकच स्क्रू सोड, लिव्हर हळूच बाहेर घे. आपोआप पडेल."

टेक्निशियनने स्क्रू सोडला, मी लिव्हर धरली. काडतूस माझ्या तळहातावर पडलं. लिव्हर परत बसवली, रिकामीच ओढली, फोन जवळ धरला. "बरोबर," अब्बा म्हणाले. स्टॉलवरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तारिकने फोनमध्ये वाकून, थँक यू अंकल, माशाल्ला, असं म्हटलं, आणि मग माझ्याकडे वळून, राइट धिस डाऊन, सगळं त्यांच्याकडून लिहून घे, एक डॉक्युमेंट करू, म्हणजे परत परत त्यांना त्रास नको.

मी फोन घेऊन बोर्डाच्या मागे गेले. मागे नुसतं पांढरं प्लायवुड. अब्बा अजून होते, खूश, त्यांच्यामागे कोंबडी फिरत होती.

"लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही लिहिणार," मी म्हटलं. "अब्बा, त्या बोर्डावर सहावी ओळ होती. मी तुम्हाला वाचून दाखवली नाही. तिच्यामुळे तुम्हाला परत पाठवलं, आणि ती मी लिहिली."

तीन वर्षांनी ते तोंडातून निघालं आणि इतकं लहान निघालं. अब्बांनी हात हलवून मागची कोंबडी हाकलली.

"गनस्मिथ," ते म्हणाले. "त्या ओळीत तो शब्द होता. मला इंग्रजी येत नाही बाय, पण तो एक शब्द येतो. तीस वर्षं माझ्या बिल्ल्यावर होता. त्याच्या आधी नो लिहिलेलं. नो तर नो-पार्किंगमधला, तो कोणाला येत नाही?"

मी फोनचा आवाज वाढवला.

"ओळ खरी होती," अब्बा म्हणाले. आवाज साधा, काडतुसाबद्दल बोलत होते तसाच. "मीच सांगितलं होतं तुला, चहा ओतताना. मला वाटलं, पोरीने सहज लिहिलं असेल, तिच्या लक्षात आलं नसेल. मग तू वाचताना ती गाळलीस. तेव्हा समजलं, हिला माहीत आहे."

बोर्डाच्या पलीकडे दारं उघडली असावीत. पायांचा आवाज, मुलांचा आवाज, ऊदचा नवा धूर. तारिक मला नावाने हाका मारत होता. यल्ला, यल्ला.

"बोर्ड तोच आहे ना अजून?" अब्बांनी विचारलं.

"तोच आहे."

"मग ती राहिलेली ओळ वाच."

मी बोर्डाच्या मागून पुढे आले. लोकांचे खांदे, त्यांच्या वर ती मोठी अक्षरं. मी फोन तोंडाशी धरला आणि मराठीत वाचलं, सगळं, काही न गाळता. खोक्यातून काढा आणि वापरा. बंदूक दुरुस्त करणाऱ्याची गरज नाही.

 मग अब्बांनी, लिव्हर ऐकल्यावर म्हणतात तसं, म्हटलं, "बरोबर," आणि फोन ठेवला.